परबांची आगबोट

‘आगबोट’ हा शब्द मी पहिल्यांदा टाइप केला तो परबकाकांच्या अर्जात. टाइप केला आणि लगेच खोडरबर शोधायला लागले, कारण मला वाटलं, माणसाला म्हणायचंय एक आणि सांगतोय दुसरंच.

“काका, मोटारलाँच लिहू का?”

“मोटार तिच्यात असती तर मोटारलाँच सांगितलं असतं, बाई. तिच्यात वाफ आसा.”

हिंदमाताच्या चौकात साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. खाली लग्नाचे शालू, वर आमची खडखड. सकाळी मुलींना टायपिंग शिकवायचं आणि दुपारी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, असा माझा दिवस. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून दुपारच्या कामाला बरकत आली होती. गिरणगावात तेव्हा कापड निघत नव्हतं, पण अर्ज भरपूर निघत होते. रेशन कार्डाचा अर्ज, फीमाफीचा अर्ज, मालकाला विनंती, युनियनला विनंती. देवाला तेवढं कोणी टाइप करून घेत नसे, कारण तिथे पोच मिळत नाही.

अशा एका दुपारी भिकाजी परब जिना चढून आले. चढताना उलट्या हाताने कठडा चाचपत आले, जणू तो तापलाय का ते बघत होते. लालबागच्या एका गिरणीत बावीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. जगातली प्रत्येक वस्तू ते आधी उलट्या हाताने तपासत. चहाची किटली, माझा टाइपरायटर, बसायच्या आधी खुर्ची. पुढे एकदा माझ्या ताप आलेल्या विद्यार्थिनीच्या कपाळाला त्यांनी तसाच हात लावला आणि सांगितलं, “हिका घराक धाडा. प्रेशर वाढलाहा.” मुलीला टायफॉइड निघाला.

आता, संप झाल्यावर सुज्ञ माणसांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी वडापावची गाडी लावली, कोणी गावी जाऊन शेती बघितली, कोणी वॉचमन झालं. परबकाकांनी आगबोट काढली. जगातून आगबोटी जाऊन जमाना झाला होता, याची त्यांना कल्पना नव्हती असं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, “माका दुसरा काय येणा नाय. पाणी तापवूक येता. तापलेल्या पाण्यावर चलणारा काय मिळता ता बघितलंय, तर ह्या मिळाला.”

हे मिळालं होतं दारूखान्यात. तिथे जुनी जहाजं फोडतात. संपाच्या दुसऱ्याच महिन्यात परबकाका तिथल्या हाजीशेठकडे कामाला लागले. हाजीशेठच्या आवारात कोपऱ्यात एक चाळीसेक फुटांची वाफेची लाँच उलथून पडली होती. कधीतरी कुठल्या तरी साहेबांना जहाजापर्यंत पोचवायची तिची नोकरी असावी. तिला फोडायलाही कोणी तयार नव्हतं. परबकाका तिच्याभोवती आठ दिवस फिरले, तिच्या बॉयलरच्या आत शिरून आले, बाहेर येऊन म्हणाले, “शेठ, माका पगार नको. ही द्या.” हाजीशेठ हुशार माणूस. एका भंगाराच्या बदल्यात बॉयलरचा कारागीर फुकट मिळतोय म्हटल्यावर त्याने आठ महिने राबवून घेतलं आणि मग मोठ्या मनाने बोट दिली. वर तुटलेल्या जहाजांची सागवानी फळकुटं जाळायला दिली. त्यामुळे बंद गिरणीचा एक कामगार रोज सागवान जाळत फिरतो, अशी ख्याती झाली ती वेगळीच.

बोटीला नाव दिलं ‘सुलोचना’. हे त्यांच्या बायकोचं नाव. सुलोचनाकाकूंना हा मान अजिबात रुचला नाही. चाळीच्या गॅलरीत त्या मला म्हणाल्या, “बावीस वर्षां एक सवत होती ती मिलमधी. आता ही दुसरी, ती माज्याच नावाची. मेल्यान नाव तरी दुसरा शोधूचा होता.” त्या बोटीवर पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि पाळलं.

बॉयलरचा दाखला मात्र चुटकीसरशी मिळाला. तपासायला आलेले इन्स्पेक्टर निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी बोटीचा बॉयलर पाहिला, टोपी काढली, तासभर आत काय बघत होते कोण जाणे, आणि बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. काजळी गेली म्हणाले. दाखल्यावर सही करून त्यांनी परबकाकांचा हात हातात घेतला. सरकारी कामात माझ्या पाहण्यात आलेलं हे शेवटचं सरळ काम. कारण यानंतर परवान्याचा फॉर्म आला.

फॉर्ममध्ये दोन चौकोन होते. एक ‘शिडाचे’, दुसरा ‘डिझेल’. वाफेचा चौकोन नव्हता. मी दोन्हींच्या मध्ये जागा करून ‘वाफ’ असं टाइप केलं. फॉर्म परत आला, शेऱ्यासह: ‘दोन्हींपैकी एक खूण करावी.’ परबकाकांनी विचार केला आणि म्हणाले, “धूर निघता तो वाऱ्यान जाता. शिडाचा करा.” अशा रीतीने ‘सुलोचना’ सरकारदरबारी शिडाची होडी झाली. पुढे तिचं शीड कुठे आहे म्हणून दोनदा विचारणा झाली. आम्ही ‘उभारणीचे काम चालू आहे’ असं कळवत राहिलो.

आता जायचं कुठे? बंदर ओलांडलं की पलीकडच्या किनाऱ्यावर कांडोळी नावाची एक नदी समुद्राला मिळते. तिच्या काठाने आत आत गेलं की आठदहा गावं लागतात. त्या गावांतले निम्मे पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत. संप लांबला तसे ते गावी जायला लागले, आठवड्याला तांदूळ-भाजी घेऊन परत यायला लागले. एसटीने जायचं तर खाडीला मोठा वळसा. परबकाका भाऊच्या धक्क्यावरून त्यांना उचलणार आणि थेट नदीतून वर तळखार गावापर्यंत सोडणार. सोबतीला साळवी नावाचे एक विणकर होते. उंच, सडपातळ, अत्यंत प्रामाणिक, आणि पाणी बघितलं की ओकणारे. त्यांना सुकाणूवर बसवलं होतं, कारण तिथे कडेला वाकायला सोपं पडतं.

कांडोळी नदीवर मात्र आधीपासून मालक होता. बापूशेठ. त्यांच्याकडे तरीचा ठेका होता. म्हणजे या काठाची माणसं त्या काठाला नेऊन सोडायचा हक्क. हा हक्क त्यांच्या वडिलांकडे होता, आजोबांकडे होता आणि बापूशेठच्या बोलण्यावरून वाटायचं की नदी यायच्या आधीपासून होता. त्यांच्या दोन डिझेल लाँच होत्या. त्या वेळेवर सुटत नसत, माणसं कोंबून भरत, पण ठेका असल्यामुळे कोणाला तक्रार नव्हती. तक्रार असायला दुसरी बोट लागते. ती आता आली.

पहिल्याच फेरीला तळखारच्या धक्क्यावर बापूशेठचा मुकादम काठी घेऊन उभा. “हा धक्का आमचा. बोट लावायची नाही.”

“आणि पाणी?” परबकाकांनी विचारलं.

“पाणी पण आमचं.”

परबकाकांनी वाकून पाण्याला उलटा हात लावला. “तुमचा असात तर जरा गरम तरी करून ठेवा,” म्हणाले आणि बोट पुढे काढली.

पुढे अर्ध्या मैलावर कोळ्यांची वस्ती. तिथे धक्का नव्हता, चिखल होता. चिखलावर कोणाचा ठेका नव्हता. परबकाकांनी फळी टाकली आणि गिरणीकामगार पँट गुडघ्यापर्यंत वर करून उतरले. पण त्या नादात बोट कोळ्यांच्या जाळ्यावर गेली. पात्रात खुंट ठोकून तिथे डोल लावलेली असते, पिशवीसारखं मोठं जाळं. ‘सुलोचना’च्या पंख्याने ते पार फाडलं.

दुसऱ्या फेरीला काठावर त्या जाळ्याची मालकीण हिराबाय उभी. कमरेला पदर खोचलेला, कानात सोन्याच्या जड कड्या आणि आवाज असा की बोटीच्या शिट्टीने गप्प बसावं.

“ए आगवाल्या! आमची डोल फाडलीस. आता आमी काय तुजी वाफ खाव?”

बापूशेठ असते तर म्हणाले असते, ठेका माझा आहे. परबकाका बोट बांधून चिखलात उतरले आणि म्हणाले, “बाय, चूक माजी. सुतळी दे, शिवून देतंय.”

तीन दिवस तो माणूस हिराबायच्या अंगणात जाळं शिवत बसला. परबकाका कोकणातले खरे, पण डोंगराकडच्या गावचे. मासे खायची अक्कल होती, धरायची नव्हती. त्यांनी मारलेली प्रत्येक गाठ हिराबाय मागून सोडवत होती. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. “राहू दे बाबा. तुज्या गाठीतून मासा न्हाय, होडी जाईल.” पण तोवर दोघांचं जमलं होतं. ठरलं असं, की परबकाका डोल वर असेल त्याच वेळेला येणार, खोल पाण्याची वाट हिराबाय दाखवणार, बदल्यात तिच्या वस्तीतल्या बायकांच्या माशांच्या पाट्या भाऊच्या धक्क्यापर्यंत आगबोट नेणार. लेखी काही नाही. मला टाइप करायला न मिळालेला हा एकमेव करार, आणि शेवटपर्यंत टिकलेलाही हा एकच.

मी एकदा त्या बोटीतून गेले. पाहुणी म्हणून मला मानाची जागा मिळाली, म्हणजे बॉयलरशेजारी. समोर पापलेटच्या पाट्या, बाजूला तांदळाची पोती, मागे साळवी समुद्राला अर्पण करत होते. पण कांडोळीत शिरल्यावर डिझेलचा धडधडाट नसलेली ती बोट अशी गुपचूप पुढे सरकायला लागली की काठावरचे बगळेही उडाले नाहीत. परबकाका भट्टीपाशी उभे होते. तोंड काळंठिक्कर, अंगात फाटका बनियन, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू देवाच्या मागणीवरूनच हे पाणी तापवतायत. संपाच्या त्या वर्षात गिरणगावात मी पाहिलेला तो एकमेव समाधानी चेहरा. साडी मात्र मला नंतर टाकून द्यावी लागली.

माणसं जायला लागली, मासे यायला लागले, तसे बापूशेठ सरकारात गेले. मग आमची सुनावणी लागली. परबकाका मला सोबत घेऊन गेले. “मधीच इंग्लिश बोलले तर कळूक व्हया.”

पहिला प्रश्न निघाला की ही सुनावणी इथे का. कांडोळी ही नदी असेल तर ती जिल्ह्याच्या ऑफिसची. खाडी असेल तर बंदराच्या ऑफिसची. आणि कांडोळीचा स्वभाव असा की भरतीला ती खाडी असते आणि ओहोटीला नदी. दोन्ही ऑफिसांनी पाहणी केली. बंदराची माणसं ओहोटीला गेली, ती म्हणाली गोडं आहे, आमचं नाही. जिल्ह्याची भरतीला गेली, ती म्हणाली खारं आहे, त्यांचं आहे. चार महिने पाण्याची चव घेण्यात गेले. शेवटी दोन्ही साहेब एका खोलीत बसले.

बापूशेठचे वकील उभे राहिले. “सर, या नदीवर तरीचा, म्हणजे माणसं ओलांडून नेण्याचा, अनन्य हक्क माझ्या अशिलाचा आहे.”

साहेबांनी परबकाकांकडे पाहिलं. ऑफिसात गेले की परबकाका शुद्ध बोलायला जात आणि त्यात त्यांना बॉयलर फुटल्याइतका घाम येई.

“साहेब, हे नदी ओलांडतात. या काठावरून त्या काठावर. मी ओलांडत नाही. मी नदीतून सरळ जातो. रस्ता ओलांडून देण्याचा ठेका एकाला दिला, म्हणून... म्हणून रस्त्यानं चलणारो माणूस बंद करतात काय हो?”

शेवटी मालवणी आलीच. वकिलांनी कागद चाळले. कागदात कुठेही ‘सरळ’ नव्हतं. दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा त्यांना पटला होता, हे मला दिसत होतं. मुद्दा पटल्यावर साहेब लोक जे करतात तेच त्यांनी केलं. पुढची तारीख दिली. तोवर ‘जैसे थे’. बापूशेठच्या मते जैसे थे म्हणजे आगबोट बंद. परबकाकांच्या मते जैसे थे म्हणजे आगबोट चालू. ती चालूच राहिली.

मग तो रविवार आला. त्या दिवशी मी तिथे नव्हते. जे सांगते ते साळवींकडून ऐकलेलं, आणि खोटं बोलण्याइतके साळवी त्या दिवशी धड नव्हते.

दुपारची ओहोटी. परबकाका तळखारहून परत निघालेले, बोटीत फक्त पाट्या आणि हिराबाय. नदीच्या तोंडाशी आले तर बापूशेठची लाँच आडवी होऊन वाहत चाललेली. इंजिन बंद. वर वऱ्हाड. बापूशेठच्याच पुतणीचं लग्न होतं, म्हणून लाँच नेहमीपेक्षाही जास्त भरलेली. ओहोटीचं पाणी तिला ओढत होतं ते सरळ तोंडावरच्या खडकांकडे. बायका किंचाळत होत्या, बँडवाल्यांनी वाद्यं टाकून देव आठवायला घेतले होते. सगळ्यात पुढे सफारी सूटमध्ये बापूशेठ.

“परब! दोर टाका, दोर!”

साळवी म्हणाले, “जाऊ देत. ठेका आहे ना त्यांच्याकडे.”

परबकाकांनी साळवींकडे बघितलंसुद्धा नाही. सुकाणू स्वतः वळवलं. पण जवळ गेल्यावर दोर हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, “बापूशेठ, ह्या पाण्यात येवची माका परवानगी आसा काय?”

“आहे रे बाबा, आहे! टाक!”

“सगळ्यांनी ऐकलात?”

वऱ्हाडाने एका सुरात ऐकलं म्हणून सांगितलं. नवरीसुद्धा मुंडावळ्या बाजूला करून ओरडली. मग दोर गेला.

हा झाला विनोद. पुढचं साळवी सांगत तेव्हा त्यांचा आवाज खाली येई. भरलेली लाँच ओढायची ताकद ‘सुलोचना’त नव्हती. दोन्ही बोटी मिळून खडकांकडे सरकायला लागल्या. हिराबाय पुढे उभी राहून हाताने वाट दाखवत होती, “उजवीकडं, अजून उजवीकडं!” परबकाका भट्टीत फळकुटं भिरकावत होते. काटा लाल रेषेच्या पुढे गेला. बॉयलरला ते हात लावून लावून बघत होते आणि दर वेळी हात लवकर मागे घेत होते. साळवींनी विचारलं, “फुटेल?” तर म्हणाले, “फुटलो तर आपणाक कळूचा नाय. घाबरू नको.” मग एक मोठा करकर आवाज झाला. बोटीचा तळ खडकाला घासला, फळी तडकली, पाणी आत आलं. पण दोन्ही बोटी खडकाच्या पलीकडे, खोल पाण्यात आल्या होत्या. परबकाकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे वाफ सोडली. मग खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. दोन्ही हात मागच्या बाजूने भाजले होते.

लग्नाला तासभर उशीर झाला, एवढंच.

पंधरा दिवसांनी परबकाका भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून जिना चढून आले आणि त्यांनी माझ्यापुढे नोटीस ठेवली. तक्रारदार: बापूशेठ. तक्रार: ‘जैसे थे आदेशाचा भंग करून प्रवासी नौका विनापरवाना ओढून नेणे.’

मी नोटीस दोनदा वाचली. मग जे बोलले ते टायपिंग शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. परबकाका मात्र गंभीर होते. “बाई, त्यांचा पण बरोबर आसा. आज ओढूची परवानगी दिली तर उद्या चलवूची द्यावी लागतली.”

या सुनावणीला खोली भरली होती. वकिलांनी सांगितलं की लाँच संकटात नव्हती, इंजिन दुरुस्त होतच होतं, परवानगी कोणी दिलेली नाही. साहेबांनी विचारलं, “कोणी साक्षीदार?” लग्नातल्या एकाही माणसाची बापूशेठसमोर उभं राहायची छाती नव्हती. तेवढ्यात मागून एक हिरव्या नऊवारीतली बाई उठली. नवरीची आई. म्हणजे बापूशेठची सख्खी भावजय.

“मी होते. भाऊजींनी परवानगी दिली. हात जोडून दिली. माझी पोर त्या लाँचीत होती.”

“वहिनी, घरी बोलू,” बापूशेठ म्हणाले.

“घरी तुम्ही बोलूच देत नाही. म्हणून एवढ्या लांब आले.”

साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. शब्द न् शब्द. मला वाटलं, आता निकाल लागला. लागलाही असता, पण पुढच्या महिन्यात त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि पहिला प्रश्न विचारला: कांडोळी ही नदी आहे की खाडी?

त्यानंतरची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळ्या गिरणगावाची सारखीच गेली. संप कधी मिटला ते कोणालाच सांगता येत नाही. मिटला असं कोणी म्हणालं नाही, फक्त लोक त्याच्याबद्दल बोलायचे थांबले. परबकाकांची गिरणी उघडली नाही. गावी गेलेली माणसं गावीच राहिली, ये-जा करणारी कमी झाली. बोटीची तडकलेली फळी तीनदा बदलली, तरी पाणी येतच राहिलं. साळवींना परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉयची नोकरी मिळाली. ओकाऱ्यांची सवय असल्यामुळे ते तिथे चांगले रुळले. आणि कांडोळीवर पूल बांधायचं ठरलं. पूल कुठल्या ऑफिसने बांधायचा यावर मात्र वाद झाला नाही. पूल बांधायला सगळेच तयार असतात.

पुलाचे खांब उभे राहिले तेव्हा परबकाकांनी बोट परत दारूखान्यात नेली. हाजीशेठची माणसं लगेच गॅसकटर घेऊन आली. परबकाकांनी त्यांना थांबवलं. “गरम बॉयलराक हात लावचो नाय. घाई केलास तर तडकता.” जो बॉयलर फोडायचाच आहे तो तडकला तर काय बिघडलं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. दोन दिवस ते तिथेच बसून होते. आग हळूहळू विझवली, पाणी थोडं थोडं सोडलं, राख काढली, भट्टीचं दार पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाकाकू डबा घेऊन आल्या. मीही त्यांच्यासोबत होते. आवारात, कोरड्या जमिनीवर, ठोकळ्यांवर टेकवलेली ती बोट. काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. बाजूवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं आपलं नाव वाचलं. मग पदर सावरला, ठोकळ्यावर पाय दिला आणि बोटीत चढल्या. फळीवर बसल्या. परबकाका समोर उभे राहिले, काय करावं ते न कळून.

“खंय बसतत पॅसेंजर?” काकूंनी विचारलं.

“हयच.”

“बरा आसा,” काकू म्हणाल्या. “वारो लागता.” आणि त्यांनी तिथेच डबा सोडला. दोघं जेवली. मी पाठ फिरवून हाजीशेठच्या भंगाराची पाहणी करत राहिले. त्या दिवशी माझ्या डोळ्यांतसुद्धा काजळी गेली.

परवानगी आली ती पुलाचं उद्घाटन झाल्यावर सातव्या महिन्यात. जाड कागद, गोल शिक्का. ‘कांडोळी जलमार्गावर प्रवासी नौका चालविण्यास आपणांस अनुमती देण्यात येत आहे. तथापि नौका शिडाची असावी.’ परबकाकांनी माझ्याकडून ती तीनदा वाचून घेतली. मला वाटलं, फाडून टाकतील. ते म्हणाले, “उत्तर टाइप करा, बाई. पत्र इलाहा तर उत्तर जाऊक व्हया.”

मी कागद चढवला. त्यांनी सांगितलं ते असं:

‘महोदय, परवानगीबद्दल आभारी आहे. बोट आता नाही. तरी सदर परवानगी रद्द करू नये. पुढेमागे कोणी सरळ जाणारा आला, तर त्याला द्यावी. आपला, भिकाजी परब.’

मी म्हटलं, “काका, अशी परवानगी दुसऱ्याला देता येत नाही.”

“म्हायत आसा. पण त्यांका ह्या लिवून कळवूक टाइम लागतलो. तवसर ती चालू ऱ्हवात.”

त्या पत्राचं उत्तर माझ्या माहितीप्रमाणे अजून आलेलं नाही.

त्यानंतर परबकाका फारसे दिसले नाहीत. इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, अर्ज लोक स्वतःच करायला लागले. काकू गेल्याचं साळवींकडून कळलं. परबकाका लेकीकडे गावी जाणार, असंही ऐकलं.

शेवटचे दिसले ते एका जुलै महिन्यात. हिंदमाताला पाणी भरलं होतं. त्यात नवल काही नाही, ते भरतंच, आणि दर वर्षी संबंधितांना आश्चर्य वाटतं. साड्यांची दुकानं शटर ओढून बसली होती. बसगाड्या उभ्या होत्या, लोक कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून चालले होते. मी वर खिडकीत अडकलेली. चौकाच्या मधोमध एक म्हातारा उभा दिसला. अर्धी पँट, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, हातात एक लांब बांबू पाण्यात रोवलेला. आधी वाटलं, त्याला पुढे जाता येत नाहीये. मग लक्षात आलं की तो जातच नाहीये. पाणी ओसरावं म्हणून कोणीतरी गटाराचं झाकण उघडलं होतं आणि सवयीप्रमाणे तिथे काही खूण न लावता निघून गेलं होतं. त्या भोकात बांबू घालून परबकाका शेजारी उभे होते.

सत्तरीचा माणूस. पाणी ओढ घेत होतं, मधूनच ते डुलत, पाय सावरत. कोणी त्यांना ओळखत नव्हतं. ऑफिसातून सुटलेल्या मुली, पिशव्या डोक्यावर घेतलेल्या बायका, मोबाइल दातांत धरलेला एक तरुण, सगळे त्यांच्याकडे न बघता त्यांचा आवाज ऐकून वळत होते. “डावीकडून. डावीकडून जा. इकडे नको, बाई, डावीकडून.” एकाने ओरडून विचारलं, “ओ काका, तुम्ही म्युनिसिपालटीचे का?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा, “डावीकडून.”

मी खिडकीतून हाक मारली. पहिल्या दोन हाका पावसात गेल्या. तिसरीला त्यांनी वर बघितलं. क्षणभर ओळख पटेना, मग पटली. हसले. मी खाली येते अशी खूण केली. त्यांनी बांबूवरचा एक हात सोडला, तळवा माझ्याकडे करून थांबवलं आणि पाण्याकडे बोट दाखवून हात कमरेशी नेला. एवढं आहे, अजून उतरू नका.

मी थांबले. संध्याकाळी पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा कोणीतरी झाकण आणून बसवलं. मी खाली उतरेपर्यंत परबकाका निघून गेले होते.